गन कोर्ट

सबायना पार्क हे नाव मराठी क्रिकेटवेड्यांच्या एका पिढीच्या मनात जखमांसकट रुतून बसलं आहे. एप्रिल १९७६ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनच्या या मैदानावर वेस्ट इंडीजच्या होल्डिंग आणि मंडळींनी भारतीय फलंदाजांना अक्षरशः शेकून काढलं. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या ओठाला टाके पडले आणि कर्णधार बेदीने ६ बाद ३०६ वर डाव सोडून दिला. दुसऱ्या डावात ९७ वर पाच गडी गेले आणि उरलेले पाच जण फलंदाजीला उतरलेच नाहीत.

हे मैदान ज्या साउथ कॅम्प रोडवर आहे, त्याच रस्त्यावर लष्करी छावणीला लागून तेव्हा एक आवार होतं. काटेरी तारांची उंच कुंपणं, टेहळणीचे मनोरे आणि भडक लाल रंग. पाहणाऱ्याला धडकी भरावी म्हणूनच तो रंग निवडला होता. कोर्ट आणि तुरुंग एकाच कुंपणाच्या आत. नाव साधं होतं : गन कोर्ट. बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी जमैकाच्या सरकारने १९७४ मध्ये हे खास न्यायालय उभारलं.

आपल्याकडे एखादा भयंकर गुन्हा घडला, की चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत दोन उपाय हमखास सुचवले जातात. हत्यारं काढून घ्या, आणि सापडलेल्याला असा ठोका की दुसऱ्याची छाती होता कामा नये. जगभर या दोन उपायांवर स्वतंत्रपणे वाद चालतो. बंदूकबंदीचे समर्थक ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतात, कडक शिक्षेचे समर्थक पूर्वी सिंगापूरचं द्यायचे, हल्ली एल साल्वादोरचं देतात. जमैकाचं उदाहरण सहसा कोणीच देत नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी तेच द्यायला हवं. कारण या बेटाने दोन्ही उपाय एकाच वेळी, एकाच कायद्यात, जवळजवळ कमाल मात्रेत वापरून पाहिले.

मायकेल मॅन्ली १९७२ मध्ये जमैकाचे पंतप्रधान म्हणून निवडून आले. कामगार संघटनेतून वर आलेला, वक्तृत्वाने सभा जिंकणारा समाजवादी नेता. त्याला कोणी हुकूमशहा म्हटलं नसतं. पण १९७३ मध्ये वीस लाखांच्या या देशात २२७ खून झाले होते, दोनच वर्षांपूर्वी हा आकडा दीडशेच्या आत होता. १९७४ च्या सुरुवातीला किंग्स्टनमध्ये काही प्रतिष्ठित माणसं गोळीबारात मारली गेली आणि शहर हादरलं. गरीब वस्तीत माणसं मरत होती तोवर तो पोलिसांचा प्रश्न होता. सुखवस्तू घरांपर्यंत गोळ्या पोचल्या तेव्हा तो राष्ट्राचा प्रश्न झाला. हे काही जमैकाचंच वैशिष्ट्य नव्हे.

सरकारने झपाट्याने दोन कायदे केले. एकाने पोलिसांना आणि सैनिकांना वस्तीला वेढा घालून वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार दिला. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा जवळजवळ वीस वर्षं टिकला. दुसरा कायदा गन कोर्टचा. विनापरवाना पिस्तूलच कशाला, खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तरी तो या कोर्टाचा आरोपी. जामीन नाही, ज्यूरी नाही. सुनावणी बंद दाराआड, पत्रकारांना प्रवेश नाही. दोष सिद्ध झाला की सक्तमजुरीसह अनिश्चित काळाची कैद. अनिश्चित म्हणजे न्यायाधीशाने वर्षं सांगायचीच नाहीत. सुटका कधी, हे पाच जणांचं एक मंडळ ठरवणार, आणि त्या पाचांतले चौघे न्यायाधीश नव्हेत. एका गोळीसाठी माणूस आत जाई आणि बाहेर कधी येणार हे त्याच्या आईला कोणी सांगू शकत नसे.

यातल्या काही कैद्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. जमैकाचं अंतिम अपील तेव्हा तिथे चाले, आजही चालतं. डिसेंबर १९७५ मध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी निकाल दिला. संसदेने कडक शिक्षा ठरवायला हरकत नाही, सुनावणी बंद दाराआड झाली तरी चालेल. पण कोणी किती काळ आत राहायचं हे न्यायाधीश नसलेल्या माणसांनी ठरवणं घटनेत बसत नाही. ‘हाइंड्स’ खटला म्हणून हा निकाल राष्ट्रकुलातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवला जातो. सरकारने त्यावर तोडगा काढला : अनिश्चित कैदेच्या जागी सक्तीची जन्मठेप. मंडळ गेलं, शिक्षा आणखी वाढली.

परिणाम काय झाला? पहिल्यांदा चांगला झाला, हे आधी सांगायला हवं. १९७४ मध्ये खून १९५ वर आले. लोक म्हणाले, पाहा, जरब बसली. १९७५ मध्ये २६६. १९७६ मध्ये ३६७. त्या वर्षी जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली (आपल्याकडची आणीबाणी तेव्हा वर्षाची होत आली होती) आणि शेकडो लोकांना विनाखटला आत टाकलं गेलं. तरी डिसेंबरात होप रोडवरच्या स्वतःच्या घरात गायक बॉब मार्लीवर गोळ्या झाडल्या गेल्या. देशातल्या सर्वात प्रसिद्ध माणसाच्या घरात बंदूकधारी शिरले आणि सहीसलामत निघूनही गेले. १९७७ मध्ये खून ४०९. १९८० हे निवडणुकीचं वर्ष होतं. त्या वर्षी खून झाले ८८९.

म्हणजे बंदूकबंदी आणि कडक शिक्षा दोन्ही लागू असताना सहा वर्षांत खून चौपटीच्या वर गेले. कायदा नसता तर ते याहून वाढले असते, असा युक्तिवाद करता येतो. तो खोडून काढणंही अवघड आहे. पण ज्या जरबेच्या भरवशावर कायदा केला होता, ती जरब या आकड्यांत कुठे दिसत नाही.

याची कारणं पश्चिम किंग्स्टनच्या गल्ल्यांत शोधावी लागतात. तिथे बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी होती. साठच्या दशकात तिच्यावर बुलडोझर फिरवून टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत उभी राहिली. ती उभी करणारे मंत्री एडवर्ड सीआगा, पक्ष जमैका लेबर पार्टी. घरं मिळाली ती मुख्यतः त्या पक्षाच्या माणसांना. मॅन्लींच्या पीपल्स नॅशनल पार्टीनेही सत्तेत आल्यावर आपल्या वस्त्या अशाच बांधल्या. अशा वस्त्यांना जमैकात ‘गॅरिसन’ म्हणतात, आणि हा शब्द तिथे टोमणा म्हणून नव्हे तर वर्णन म्हणून वापरला जातो. एका पक्षाची वस्ती, तिथे दुसऱ्या पक्षाला मतच पडायचं नाही. घर, नोकरी, कंत्राट, सगळं पक्षाकडून. आणि वस्ती राखण्यासाठी, शेजारच्या वस्तीला धाकात ठेवण्यासाठी, तरुण पोरांच्या हातात बंदुका. मतपेटीचं गणित हे असं असल्यावर बंदूकधारी पोरगा गुन्हेगार खरा, पण कुणाचा तरी माणूसही होता. गन कोर्टात ज्यांच्यामागे कोणी नव्हतं ते आधी जात. ज्याच्या शब्दावर हजार मतं फिरत, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला वस्तीतलं कोण पुढे येणार?

एक गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९७८ मध्ये दोन कट्टर वैरी टोळीनायकांनी अचानक तह केला : लेबर पार्टीच्या बाजूचा क्लॉडी मॅसप आणि मॅन्लींच्या पक्षाच्या बाजूचा बकी मार्शल. दोघं एकाच तुरुंगात अडकले असताना बोलणी झाली, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी २२ एप्रिलला राष्ट्रीय स्टेडियमवर भरलेल्या जलशात मार्लीने मॅन्ली आणि सीआगा यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. ते छायाचित्र जगभर गेलं. १९७८ मध्ये खून ३८१ वर आले, १९७९ मध्ये ३५१ वर. घट मोठी नव्हती, पण कडक कायद्याला १९७४ नंतर जी साधली नव्हती ती दोन गुंडांच्या तहानंतर दिसली. तह टिकला नाही. मॅसप १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मारला गेला, आणि मग निवडणूक आली.

दुसरं कारण समुद्र. जमैकात बंदुका बनत नाहीत. त्या येतात अमेरिकेतून, बंदरातल्या पेट्यांत आणि पिंपांत दडून. आणि हैतीतून मासेमारीच्या बोटींवर, बदल्यात गांजा देऊन. बेटाला सीमा राखणं सोपं जातं असा आपला समज असतो, पण किनारा हजार किलोमीटरचा आणि शेजारी बंदुकांचं जगातलं सर्वात मोठं दुकान, अशी स्थिती असेल तर कायद्याच्या कागदाने काही अडत नाही. मेक्सिकोचंही तेच. त्या देशात बंदूक कायदेशीरपणे विकत घ्यायची तर बरीच वर्षं एकच दुकान होतं, राजधानीत, तेही लष्कराचं. तरी टोळ्यांकडे बंदुकांचा सुकाळ. आपल्याकडचं उदाहरण मुंगेरचं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून हत्यार काढून घेतलं, स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदाही कडकच ठेवला, २०१९ मध्ये तो आणखी कडक केला. पण मुंगेरच्या आसपासच्या गावांतल्या कारागिरांच्या हातून देशी कट्टे घडत राहिले आणि मुंबईच्या गल्ल्यांत ‘घोडा’ मिळत राहिला. भारतात गुन्ह्यात जप्त होणारी बहुतेक हत्यारं विनापरवाना असतात.

मग बंदूकबंदी निरुपयोगी म्हणायची का? इथे घाई करू नये. प्रश्न कसा विचारता यावर उत्तर अवलंबून आहे, आणि बहुतेक वाद चुकीच्या प्रश्नावर चालतो.

फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात शिकागो पोलिसांच्या नोंदी चाळल्या. त्याने खून पाहिलेच, शिवाय जे हल्ले खुनापर्यंत गेले नाहीत तेही पाहिले. तेव्हा बंदूकवाद्यांचा लाडका युक्तिवाद होता (अजूनही आहे) की मारायचंच असेल तर माणूस सुरीनेही मारतो. झिमरिंगला दिसलं ते वेगळं. बहुतेक हल्ले दारूच्या नशेत, भांडणात, नवराबायकोत, ओळखीच्या माणसांत झालेले. सुरीवाला आणि बंदूकवाला यांच्या रागात फारसा फरक नव्हता. फरक होता तो मरणाऱ्यांत : बंदुकीचा हल्ला सुरीच्या हल्ल्याच्या सुमारे पाचपट जीवघेणा. बरेचसे खून हे ठरवून केलेले खून नसतातच. ते हातात बंदूक असताना झालेली भांडणं असतात. बॉस्टनमधल्या गोळीबारांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्याही पुढे गेला. बंदुका त्याच, माणसं तीच, फक्त मोठ्या गोळीच्या जागी लहान गोळीच्या बंदुका असत्या, तर त्या शहरातले खून जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्याचा हिशोब.

हेच मोठ्या पटावर लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात दिसलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चोऱ्या आणि घरफोड्या लंडनमध्ये न्यूयॉर्कपेक्षा जास्त होत्या. पण चोरी-दरोड्यात माणूस मरण्याचं प्रमाण न्यूयॉर्कमध्ये पन्नासपटींहून अधिक. तेव्हा ‘बंदूकबंदीने गुन्हे कमी होतात का’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘फारसे नाही’ असं आहे. ‘बंदुका कमी झाल्याने माणसं कमी मरतात का’ याचं उत्तर ‘हो’ आहे. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा प्रश्न निवडतात आणि एकमेकांना खोटारडे म्हणतात.

ऑस्ट्रेलियात हा फरक नीट पाहता येतो. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना ठार मारलं. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि ते उजव्या पक्षाचे. बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. आपोआप भरणाऱ्या रायफली बंद, प्रत्येक बंदुकीची नोंद, आणि ‘स्वसंरक्षणासाठी हवी’ हे कारण नामंजूर. संतापलेल्या बंदूकधारकांसमोर एका सभेत ते कोटाखाली चिलखत घालून बोलले. पुढे त्याबद्दल त्यांना अवघडल्यासारखं वाटलं. आरोग्याच्या करावर काही काळ थोडा अधिभार लावून सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून पैसे मोजून विकत घेतल्या आणि चेचून टाकल्या.

त्यानंतरच्या दशकात बंदुकीने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. यात खून कमी, आत्महत्या जास्त. बंदूकबंदीचा सर्वात ठळक फायदा आत्महत्यांत दिसतो, आणि या वादात त्याचा उल्लेखच होत नाही, कारण आत्महत्येवर निवडणुका लढवल्या जात नाहीत. इस्रायली लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना शनिवार-रविवारी घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायला सांगितलं, तेव्हा तरुण सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. उद्वेगाचा तो एक तास टळला की पुष्कळ माणसं जगतात.

ऑस्ट्रेलियातल्या खुनांबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. बंदुकीचे खून १९९६ आधीच उतरणीला लागले होते. ती उतरण कायद्याने वेगावली की नाही, यावर आकडेशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडत आहेत. सामूहिक हत्याकांडांचं चित्र जास्त स्पष्ट आहे. १९९६ पर्यंतच्या अठरा वर्षांत पाच किंवा अधिक जण मारले गेले अशा तेरा घटना. त्यानंतर वीसहून अधिक वर्षं एकही नाही. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका कुटुंबातले सात जण गोळ्यांनी मेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणाच्या मेळाव्यावर गोळीबार झाला. तोवर देशातल्या नोंदलेल्या बंदुकांची संख्या १९९६ च्याही वर गेली होती. कायदा एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

ऑस्ट्रेलियाला जे जमलं ते जमैकाला का नाही? ऑस्ट्रेलियात बंदुका होत्या शेतकऱ्यांकडे आणि शिकाऱ्यांकडे, म्हणजे नाव-पत्ता असलेल्या, कायदा पाळणाऱ्या, चेक स्वीकारणाऱ्या माणसांकडे. जमैकात त्या होत्या अशांकडे ज्यांचं नाव घ्यायलाच साक्षीदार घाबरत. पहिल्या प्रकारच्या बंदुका कायद्याने गोळा होतात. दुसऱ्या प्रकारच्या गोळा करायला पोलीस लागतात, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे लोक लागतात.

आता शिक्षेकडे वळू. अठराव्या शतकातल्या इंग्लंडइतका या उपायाचा मुबलक वापर क्वचितच कोणी केला असेल. चेहऱ्याला काळं फासून हरणांच्या राखीव रानात शिरणं, खिसा कापणं, घरातून चाळीस शिलिंगांची चोरी करणं, सगळ्याला फाशी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फाशीचे गुन्हे दोनशेच्या वर होते. फाशी भर रस्त्यात व्हायची, ती पाहायला जत्रा लोटायची आणि त्या जत्रेत खिसेकापूंचा धंदा तेजीत चालायचा. फासाच्या सावलीत, फाशीलायक गुन्हा!

त्याहून बोलकी गोष्ट ज्यूरीची. समोर उभी असलेली मोलकरीण मालकाच्या घरातून चीजवस्तू चोरताना पकडली गेली आहे. चोरी सिद्ध आहे, ऐवज चांगला महाग आहे. पण चाळीस शिलिंग म्हटलं की पोरगी फासावर जाणार. मग ज्यूरी गंभीर चेहऱ्याने सांगायची : मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग. अशा एकोणचाळीस शिलिंगांच्या नोंदी लंडनच्या जुन्या खटल्यांच्या दप्तरात ठिकठिकाणी आहेत. शिक्षा जितकी भयंकर, तितकं ती देण्याचं धैर्य कमी. शेवटी १८३० मध्ये बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला : बनावट सही आणि नोटांसाठीची फाशी रद्द करा. दया आली म्हणून नव्हे. फाशीच्या भीतीने ज्यूरी दोषीच ठरवत नव्हती आणि बँका लुटल्या जात होत्या. स्वतःच्या तिजोरीच्या रक्षणासाठी त्यांना सौम्य शिक्षा हवी होती.

इटलीच्या चेझारे बेकारियाने हे १७६४ मध्येच मांडलं होतं : गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीची जास्त भीती वाटते. अडीचशे वर्षांच्या अभ्यासाने यात फार भर घातलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये मृत्युदंडावरचे तीन दशकांचे अभ्यास तपासून सांगितलं, की त्याने खून घटतात की वाढतात की काहीच होत नाही, हे या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये ‘तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप’ असा नियम केला. गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला २५ वर्षं लागली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. त्या दशकात कॅलिफोर्नियातली गुन्हेगारी घटली हे खरं. पण तसा नियम नसलेल्या न्यूयॉर्कमध्ये ती त्याहून जास्त घटली.

याचं कारण समजायला फार मोठं मानसशास्त्र लागत नाही. पिस्तूल खिशात घालून निघालेला वीस वर्षांचा मुलगा दहा वर्षं आणि वीस वर्षं यांत तुलना करत बसत नाही. तो फार तर एवढाच विचार करतो, आज रात्री मी सापडेन का? आणि ज्या शहरात बहुतेक खुनांचा छडाच लागत नाही, तिथे त्याचं उत्तर त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बलात्काराच्या शिक्षा वाढल्या, ठरावीक गुन्ह्यांना फाशी आली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणखी कडक ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आलंच नाही. या काळात देशात बलात्काराच्या खटल्यांत दोष सिद्ध होण्याचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपास राहिलं. शिक्षा वाढवायला एका अधिवेशनाचा आठवडा पुरतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, साक्षीदारांचं संरक्षण, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा यांना वर्षं आणि पैसे लागतात, आणि त्यांच्या बातम्या होत नाहीत. माझ्या मते कडक शिक्षेचं राजकारण चालतं ते यामुळे. ती सर्वात स्वस्त आहे.

एल साल्वादोरला मात्र वळसा घालून जाता येणार नाही. २०१५ मध्ये लाखामागे शंभरहून अधिक खून होणारा हा देश २०२४ मध्ये लाखामागे दोनच्याही खाली आला, वर्षभरात ११४ खून. मार्च २०२२ मध्ये एका शनिवार-रविवारच्या आगेमागे टोळ्यांनी ८७ माणसं मारली, राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांनी आणीबाणी पुकारली आणि ८० हजारांहून अधिक लोकांना उचललं. ४० हजार कैद्यांचा नवा तुरुंग बांधला. मग जरबेचा सिद्धांत खरा ठरला ना?

तर त्याच देशाने २००३ मध्येही ‘पोलादी हात’ नावाचं धोरण राबवलं होतं. अंगावरच्या गोंदणावरून पोरं पकडली जात. खून वाढले, कारण टोळ्यांना तुरुंगांतच मुख्यालयं मिळाली. शिक्षा तेव्हाही कडकच होती. दोन्ही वेळांतला फरक वर्षांच्या संख्येत नव्हता. २०२२ मध्ये जवळजवळ प्रत्येक टोळीवाला सापडला, आणि बाहेर उरलाच नाही. शिवाय तोवर खून आधीच लाखामागे अठरापर्यंत उतरले होते, आणि सरकारने टोळ्यांशी गुप्त समझोता केल्याचे आरोपही आहेत. किंमत? वकील, जामीन, स्वतंत्र खटला यांवर पाणी सोडणं, कोठडीत शेकडो मृत्यू. हजारो लोकांना पुढे सोडून द्यावं लागलं, म्हणजे ते मुळात उचलायलाच नको होते. साल्वादोरच्या बाजारपेठेत आता खंडणीशिवाय दुकान लावणारा माणूस हा सौदा मान्य करतो, आणि त्याला दोष देणं आपल्याला घरबसल्या सोपं आहे. पण ज्या आईचा निरपराध मुलगा आत आहे तिच्यासाठी हे आणि १९७४ चं गन कोर्ट यांत फरक नाही.

जमैकाची पुढची हकीकत थोडक्यात. १९८३ मध्ये सक्तीची जन्मठेप रद्द झाली. पुढच्या दोन दशकांत खून कितीतरी वाढले. २००५ मध्ये १,६७४. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या सत्तावीस लाखांच्या घरात होती. बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये खून झाले सुमारे २,३००, यावरून अंदाज यावा. २०१० मध्ये टिव्होली गार्डन्समधून एका बड्या टोळीप्रमुखाला अमेरिकेच्या ताब्यात देण्यासाठी पोलीस आणि लष्कर घुसलं, सत्तरच्या आसपास माणसं मेली. नंतर काही वर्षं आकडे उतरले, मग पुन्हा चढले. २०२२ मध्ये नवा बंदूक कायदा आला, बेकायदा बंदुकीला किमान पंधरा वर्षं. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत खून खरोखर घसरले : २०२४ मध्ये अकराशेच्या वर, २०२५ मध्ये सातशेच्या खाली, तीस वर्षांतला नीचांक. कायद्याचे समर्थक श्रेय कायद्याला देतात. पण त्याच काळात पोलीस दलावर, तपासावर, टोळ्यांच्या म्होरक्यांमागे लागण्यावर मोठा खर्च झाला. आणि २०२५ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांचा आकडा तीनशेच्या आसपास गेला, हेही त्याच हिशोबात धरावं लागेल.

कायद्याला श्रेय द्यायचंच असेल तर एक अडचण सोडवून द्यावी. २०२२ च्या कायद्यातली किमान पंधरा वर्षांची कैद १९७४ च्या अनिश्चित कैदेपेक्षा सौम्य आहे. १९७४ च्या कडक शिक्षेच्या काळात खून वाढले, २०२२ च्या त्याहून सौम्य शिक्षेच्या काळात घटले. तेव्हा पुढच्या वेळी कोणी मंत्री सभागृहात फाशीची तरतूद वाचून दाखवेल, तेव्हा वाचकांनी त्यांना शिक्षेबद्दल काही विचारू नये. मागच्या वर्षीच्या किती खटल्यांत आरोपपत्र वेळेत गेलं, किती साक्षीदार उलटले आणि किती आरोपी अजून सापडलेच नाहीत, एवढे तीन आकडे मागावेत.